मान-खांद्याचं जुनं दुखणं: आयएफटी, अल्ट्रासाऊंड, ड्राय नीडलिंग की नुसता व्यायाम? कोणाला कशाने गुण आला?

अबोली_फोंडा

नमस्कार सगळ्यांना. जरा लांब लिहितेय, पण अर्धवट सांगितलं की उत्तरंही अर्धवट येतात म्हणून सगळंच सांगून टाकते.

मी ४३ वर्षांची, फोंड्याला राहते, पणजीत एका ऑफिसात अकाउंट्सला आहे. रोज कदंबाची शटल, ऑफिसात आठ तास लॅपटॉप, महिनाअखेर आली की आठाचे दहा होतात. गेल्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गणपतीच्या वर टांगायची फळापानांची माटोळी बांधताना दोन-अडीच तास हात वर धरून होते, त्याच्या आदल्या दिवशी नेवऱ्यांसाठी आदोळीवर बसून बारा नारळ खवले होते, आणि चवथीच्या सकाळी उठले तर मान उजवीकडे वळेच ना. तेव्हा वाटलं चार दिवसांत जाईल. आज नऊ महिने झाले.

दुखतं ते उजवीकडे, मान संपून खांदा सुरू होतो तिथे. दाबलं की सुपारीएवढी गाठ हाताला लागते आणि ती दाबली की कळ कानामागून थेट कानशिलापर्यंत जाते. हाताला मुंग्या नाहीत, बोटांत बधिरपणा नाही. पण संध्याकाळी परतीच्या बसमध्ये उभं राहून वरचा दांडा धरला की बाणस्तारीचा पूल येईपर्यंत डोळ्यांत पाणी येतं.

आतापर्यंत तीन ठिकाणी जाऊन झालं.

पहिल्या ठिकाणी शेक, आयएफटी आणि अल्ट्रासाऊंड. गरम पोटली वीस मिनिटं, मग चार चकत्या लावून त्या मशीनच्या मुंग्या पंधरा मिनिटं, मग गार जेल लावून ते गोल डोकं फिरवायचं पाच-सात मिनिटं. उठताना इतकं हलकं वाटायचं की घरी येऊन नवऱ्याला सांगायचे, आता सुटले बघा. तिसऱ्या दिवशी सकाळी परत तेच. असे दहा सिटिंग झाले, मग आणखी दहा. एका सिटिंगचे ४००.

दुसऱ्या ठिकाणी ड्राय नीडलिंग, म्हणजे औषध नसलेली बारीक सुई थेट त्या गाठीत घालायची. सुई आत गेली आणि तो स्नायू असा फडफडला की जाळ्यातला मासा आठवला. त्या रात्री खांदा ठणकला, पण तिसऱ्या दिवसापासून आठवडाभर निम्मं दुखणं गेलं होतं, हे खोटं नाही सांगत. मग परत आलं. चार वेळा करून घेतलं, चारही वेळा हेच.

तिसऱ्या ठिकाणी त्या मॅडमनी मशीन लावलंच नाही. एक हिरवी रबरी पट्टी दिली, पाच व्यायाम दिले, प्रत्येकी पंधरा वेळा, तीन फेऱ्या, रोज. मला खरं सांगायचं तर वाईट वाटलं, पैसे दिले आणि हाताला हात पण लावला नाही असं वाटलं. आठ दिवस केले, दुखणं वाढलं, सोडून दिलं.

मधे एमआरआय पण केला. सी५-सी६ मध्ये माइल्ड डिस्क बल्ज, म्हणजे मानेच्या दोन मणक्यांमधली चकती जराशी फुगलीय, असं लिहिलंय, तेव्हापासून मान वळवायचीच भीती बसलीय.

आता पैसेही संपत आलेत आणि धीरही. यातलं कशाने खरंच बरं होतं? ज्यांनी दोन-तीन प्रकार करून बघितलेत त्यांनी कृपया सांगा.

---

पेटीवाला_साखळी

अबोलीताई, तुमचं वाचून माझाच खांदा दुखायला लागला. मी ५६ वर्षांचा, तीस वर्षं भजनाला पेटीची साथ करतो. पेटीचा भाता डाव्या हाताने मारायचा असतो आणि डावाच खांदा गेला माझा, पाठीच्या फऱ्याच्या आतल्या कडेला सुरी खुपसल्यासारखं, दोन वर्षं.

मी घरी वापरायचं टेन्सचं, म्हणजे चकत्यांतून विजेच्या मुंग्या देणारं, छोटं मशीन घेतलं होतं, कमरेच्या पट्ट्याला अडकवता येतं ते. चालू असेपर्यंत छान, बंद केल्यावर तासभर बरं, मग गेलं. पहिल्या महिन्यात खूप फरक वाटायचा, नंतर तेवढाच करंट कळेनासा झाला, वाढवत न्यावा लागला. तरी मी ते वाईट म्हणणार नाही, रात्री झोप लागत नसेल तर पंधरा-वीस मिनिटांनी डोळा लागायचा, दोन वर्षांच्या दुखण्यात ती झोप मोठी असते.

पण बरं कशाने झालं विचाराल तर दोन गोष्टींनी. एक म्हणजे पेटीखाली चार इंचांचा पाट आला. जमिनीवर पेटी ठेवली की डावा खांदा वाकून पुढे ओढला जायचा आणि तीन तास तसाच राहायचा, पाटावर ठेवली तशी कोपर अंगाजवळ आली. भाताही पूर्ण उघडायचा नाही, अर्धाच उघडून छोटे झोके द्यायचे, सूर तेवढाच भरतो. हे मला कोणा डॉक्टरने नाही सांगितलं, आमच्या मंडळातल्या एका म्हाताऱ्या बुवांनी सांगितलं.

दुसरी म्हणजे दोरीची ओढ. खिडकीच्या गजाला रबर बांधून दोन्ही हातांनी मागे ओढायचं. सुरुवातीला दहा वेळा ओढलं की हात थरथरायचे. तीन महिने केलं. गेल्या श्रावणात वास्कोच्या दामोदर सप्ताहाला गेलो होतो, तिथे चोवीस तास भजन अखंड चालतं, आमची पाळी पहाटेची होती, पूर्ण वाजवली आणि उठलो तेव्हा लक्षात आलं की खांद्याची आठवणच झाली नाही.

---

मडगावचा_विंगर

मी थोडं वेगळं सांगतो. फुटबॉल खेळतो, लोकल लेव्हलला, पोटरी आणि मांडीच्या मागचा स्नायू सतत धरायचा. आयएफटी, अल्ट्रासाऊंड सगळं करून झालं, झिरो. ड्राय नीडलिंगच्या तीन सेशनमध्ये परत पळायला लागलो. त्यामुळे ताई तुम्ही ते सोडू नका असं माझं स्पष्ट मत आहे, चारवर थांबलात, सहा-आठ करून बघा. आणि एक मसाज गन घ्या, ऑनलाइन मिळते, गाठीवर दोन मिनिटं धरली की मोकळं होतं. व्यायामाने तुमचं दुखणं वाढलं हे तुम्हीच लिहिलंय मग तेच परत कशाला करायचं?

---

डिचोलीची_फिजिओ

अबोलीताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, सोळा वर्षं हेच करतेय, आणि पहिली सात-आठ वर्षं मीही शेक, आयएफटी, अल्ट्रासाऊंड याच रांगेने पेशंट पाठवलेत, त्यामुळे कोणाला नावं ठेवायला आले नाहीये. पण तुमचं लिखाण वाचून राहवलं नाही. तुम्ही स्वतःच उत्तर लिहिलंय, फक्त ते ओळखलेलं नाही. मशीनचा गुण तीन दिवस, सुईचा आठ दिवस, आणि तिसरं म्हणजे व्यायाम, तो पुरता झालाच नाही.

आधी कोण काय करतं ते सांगते, म्हणजे पैसे कशाचे देतोय ते कळेल.

टेन्स आणि आयएफटी, दोन्ही वीजच. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या दोघांनी मांडलं की मणक्यात एक फाटक असल्यासारखं असतं, स्पर्शाचे संदेश जोरात आले की दुखण्याच्या संदेशांना वाट कमी मिळते. आपण ठेच लागली की बोट चोळतो ना, तेच. टेन्स साधारण ८० ते १२० हर्ट्झवर ते चोळणं विजेने करतं. आयएफटीमध्ये दोन करंट एकमेकांना छेद देतात, एक ४००० हर्ट्झचा, दुसरा समजा ४१०० चा, आणि जिथे ते मिसळतात तिथे फरकाचा म्हणजे १०० हर्ट्झचा ठोका तयार होतो. चार चकत्या असतात त्या त्यासाठी. ४००० ला कातडी विरोध कमी करते म्हणून टोचत नाही आणि खोलवर जातं म्हणतात. पण खोल गेलं तरी काम तेच, फाटक थोडा वेळ ढकलून धरणं. हात काढला की फाटक परत उघडतं. स्नायू काही बदललेला नसतो.

अल्ट्रासाऊंडबद्दल मी जास्त कडक बोलेन. १ मेगाहर्ट्झ खोल स्नायूसाठी, ३ मेगाहर्ट्झ वरवरच्यासाठी, हे आम्ही कॉलेजात घोकलं, पण जुन्या स्नायूदुखीत ते खोट्या बंद मशीनपेक्षा फारसं वेगळं पडत नाही असंच पुन्हा पुन्हा दिसतं. ब्रिटनमध्ये नाइस म्हणून संस्था आहे, तिथल्या सरकारी दवाखान्यांना कोणते उपचार द्यावेत ते ती सांगते. तिने २०२१ च्या सूचनांत ज्या जुन्या दुखण्यामागे दुसरं कारण सापडत नाही त्यासाठी टेन्स, आयएफटी, अल्ट्रासाऊंड तिन्ही देऊ नका असं लिहिलंय. व्यायाम द्या म्हटलंय. सुई मात्र त्यांनी दाराबाहेर काढलेली नाही, ॲक्युपंक्चर किंवा ड्राय नीडलिंगचा एक कोर्स विचारात घ्या म्हटलंय. एक कोर्स. जन्मभर दर पंधरवड्याला नव्हे.

तेव्हा विंगरभाऊ, तुमचं म्हणणं मी खोडून काढत नाही. तुम्हाला सुईने गुण आला, पण सुईनंतर तुम्ही मैदानात गेलात आणि पळालात. ते पळणं हाच तुमचा व्यायाम होता. ताई सुईनंतर बसमध्ये बसल्या आणि लॅपटॉपसमोर गेल्या. फरक तिथे पडला. आणखी एक, पोटरीत सुई आणि खांद्याच्या वरच्या स्नायूत सुई यात फार अंतर आहे, तिथे खाली फुप्फुसाचं टोक असतं. चुकीच्या कोनात गेली तर फुप्फुसाला भोक पडून हवा भरू शकते. क्वचितच होतं पण होतं. म्हणून त्या जागी फक्त शिकलेल्या, सराव असलेल्या हातानेच सुई घ्यायची, आणि नंतर दम लागला किंवा छातीत टोचलं तर वाट बघत बसायचं नाही, सरळ इमर्जन्सीत. मसाज गन मानेच्या पुढच्या आणि बाजूच्या भागावर कृपा करून कोणी धरू नका, तिथे मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. टेन्सच्या चकत्याही मानेच्या पुढे लावायच्या नाहीत आणि पेसमेकर असेल त्याने आधी हृदयाच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय टेन्स, आयएफटीच्या जवळ जायचं नाही.

आता व्यायाम. डेन्मार्कमध्ये २००८ साली नोकरी करणाऱ्या ४८ बायकांवर अभ्यास झाला, सगळ्यांना अगदी तुमच्याच जागी, ट्रॅपिझियस स्नायूत दुखणं. एका गटाला खांद्या-मानेचे वजनाचे व्यायाम, एकाला पायाने सायकल, एकाला नुसता सल्ला. वीस मिनिटं, आठवड्यातून तीनदा, दहा आठवडे. वजनाच्या गटाचं दुखणं ठळक उतरलं आणि नंतरही उतरलेलं राहिलं, सायकलवाल्यांना सायकल मारल्यावर थोडा वेळ बरं वाटलं एवढंच. मग २०११ मध्ये त्याच देशात आणखी एक झाला, १९८ ऑफिसातली माणसं, रबरी नळीने हात बाजूला उचलायचे, एका गटाला दिवसाला फक्त २ मिनिटं, दुसऱ्याला १२, आठवड्यातून पाच दिवस, दहा आठवडे. दोन मिनिटंवाल्यांनाही चांगला गुण आला. दोन मिनिटं ताई! मी हा अभ्यास वाचला त्या दिवसापासून पेशंटला पाच पाच व्यायामांचे कागद देणं बंद केलं.

तुमचं दुखणं व्यायामाने वाढलं कारण डोस जास्त होता. नऊ महिने जपून ठेवलेल्या, घाबरलेल्या स्नायूला पहिल्याच दिवशी हिरवी पट्टी, पाच व्यायाम, पंधरा गुणिले तीन, रोज. म्हणजे दिवसाला सव्वादोनशे वेळा. पट्ट्यांमध्ये पिवळी सगळ्यात हलकी, मग लाल, मग हिरवी. तुम्ही दोन पायऱ्या सोडून चढलात. त्या मॅडमची दिशा बरोबर होती, माप चुकलं, आणि तुम्ही परत जाऊन त्यांना सांगितलं असतं तर बहुतेक कमी केलं असतं.

असं करून बघा. पिवळी पट्टी, पायाखाली मधोमध दाबून उभं राहायचं, टोकं दोन हातांत, कोपर किंचित वाकलेलं, हात बाजूला पण जरासे पुढच्या तिरक्या रेषेत, खांद्याच्या उंचीपर्यंत, वर जाताना आणि खाली येताना सारखाच वेळ. जितक्या वेळा जमेल तितक्या, दोन मिनिटांत संपवायचं. आठवड्यातून पाच दिवस. दहापैकी चारपर्यंत दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्वीच्या पातळीवर आलं पाहिजे. नाही आलं तर पुढच्या वेळी कमी करा, बंद नका करू. दोन आठवड्यांनी पेटीवाल्या दादांसारखी मागे ओढायची ओढ जोडा. पहिले दोन-तीन आठवडे काहीही फरक दिसणार नाही, उलट थोडं अंग दुखेल, बहुतेक माणसं तिथेच सोडतात. खरा फरक सहा ते दहा आठवड्यांत.

शेक घ्यायचा असेल तर घरची गरम पाण्याची पिशवी घ्या, टॉवेलात गुंडाळून पंधरा मिनिटं, तिच्यात आणि क्लिनिकच्या पोटलीत ४०० रुपये द्यावेत इतका फरक नाही. व्यायामाच्या आधी घ्या, म्हणजे तो जो हलकेपणा येतो तो कामी लागेल. माझ्याकडेही अजून आयएफटी मशीन आहे आणि फार दुखत असेल त्याला मी लावतेही, पण उठवल्यावर लगेच व्यायाम करून घेते, झोपवून घरी पाठवत नाही.

एमआरआयचं मनावर घेऊ नका. चाळिशीत मानेचा एमआरआय काढला तर काहीही न दुखणाऱ्या कितीतरी लोकांत डिस्क बल्ज निघतो. केस पांढरे व्हावेत तसं आहे ते. तुम्हाला हातात मुंग्या नाहीत, ताकद गेलेली नाही. हातातून वस्तू पडायला लागल्या, चालताना तोल जायला लागला, लघवी-शौचावरचा ताबा गेला, रात्री झोपेतून उठवणारं न थांबणारं दुखणं, ताप, वजन उतरणं, यातलं काही असेल तर मात्र फिजिओकडे नाही, आधी डॉक्टरकडे. आणि हात पाठीमागे नेऊन साडीचा काष्टा किंवा ब्राचा हूक लावता येत नाही असं झालं तर ते फ्रोझन शोल्डर असू शकतं, डायबेटिसवाल्यांत जास्त दिसतं, त्याचा हिशेब वेगळा.

---

म्हापशाचा_काका

सर्वांस नमस्कार. माझं वय ६६. मुलीने टाइप करून दिलंय.

मला दोन्ही मांड्या आणि दोन्ही खांदे दुखायचे. पायऱ्या चढताना मांड्या भरून यायच्या. तीन महिने फिजिओथेरपी केली, व्यायामही प्रामाणिकपणे केले, आणि दिवसेंदिवस जास्तच दुखू लागलं. शेवटी फिजिओथेरपिस्टनेच सांगितलं की काका हे नेहमीचं नाही, फिजिशियनला दाखवा. त्यांनी रक्त तपासलं. कोलेस्टेरॉलची स्टॅटिनची गोळी वर्षभरापूर्वी वाढवली होती, त्याचा स्नायूंवर परिणाम निघाला, शिवाय डी व्हिटॅमिन फार कमी. डॉक्टरांनी गोळी बदलली, डी दिलं, दोनेक महिन्यांत जिने चढू लागलो.

सांगायचं कारण, दोन्ही बाजूंना सारखं दुखत असेल तर आधी रक्त तपासा. थायरॉइड, डी, बी१२, आणि स्टॅटिन चालू असेल तर सीके, म्हणजे स्नायूंना इजा होतेय का ते दाखवणारी तपासणी. मात्र गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये, माझ्या एका मित्राने केली होती, त्याच्या हृदयाच्या डॉक्टरांनी त्याला चांगलं फैलावर घेतलं.

बाळ अबोली, तुझं एकाच बाजूला आहे, त्यामुळे फिजिओताई म्हणतात ते बरोबर असावं. तरी बायकांनी थायरॉइड बघून घ्यावं असं माझ्या मिसेसचं म्हणणं आहे. पैशांचा प्रश्न असेल तर बांबोळीला जीएमसीत, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात, फिजिओथेरपी विभाग आहे, मी तिथेच जात होतो.

---

अबोली_फोंडा

सगळ्यांचे खूप आभार, डोळे भरून आले वाचताना. काका, थायरॉइडची टीएसएच तपासणी आणि डी दोन्ही उद्याच करून घेते.

फिजिओताई, दोन शंका आहेत. एक, ती गाठ. ती फोडल्याशिवाय कसं बरं होईल? माझी सासू निर्गुंडीचं तेल लावून अंगठ्याने ती गाठ रगडते, तेव्हा जीव जातो पण नंतर बरं वाटतं. दुसरं, ऑफिसात सगळे म्हणतात पोश्चर सुधार, सरळ बस. मी सरळ बसायचा प्रयत्न करते तर अर्ध्या तासात जास्तच दुखतं.

---

डिचोलीची_फिजिओ

ताई, गाठ म्हणजे आत काही खडा नाही जो फोडायचाय. तो स्नायूचाच एक घट्ट धरलेला पट्टा आहे, ताणून बसलेला आणि हुळहुळा झालेला. सुई, अंगठा, मसाज गन, सगळे त्याला थोडा वेळ सोडायला लावतात, पण त्याच्यावर परत तेच काम पडलं आणि ते पेलायची ताकद त्याच्यात नसली की तो परत धरतो. सासूबाईंना रगडू दे, प्रेमाने करतात, पण इतकंच जोरात की तुम्ही श्वास रोखून धरणार नाही. जीव जाईपर्यंत दाबलं म्हणजे जास्त गुण असं नसतं, दुसऱ्या दिवशी ती जागा सुजते आणि मग व्यायाम बुडतो.

पोश्चरबद्दल, सरळ बसायचंच असा ध्यास सोडा. कोणतीही एकच बैठक दोन तास ठेवली की स्नायू रडतोच, मग ती कितीही सरळ असो. अर्ध्या-पाऊण तासाने उठा, पाण्याची बाटली छोटी ठेवा म्हणजे भरायला उठावं लागेल. लॅपटॉप चार जाड फायलींवर चढवा आणि कीबोर्ड-माउस वेगळा लावा, माउस कोपराजवळ. महिनाअखेरीला व्यायाम बंद करू नका, त्याच आठवड्यात खरी गरज असते, दोन मिनिटं आहेत. बसमध्ये दांडा फोंड्यापासून फर्मागुडीपर्यंत उजव्या हाताने, तिथून म्हार्दोळपर्यंत डाव्या, असं बदलत राहा. सीटची उभी दांडी मिळाली तर तीच धरा, हात खांद्याच्या खाली राहील.

---

मडगावचा_विंगर

फिजिओताई, फुप्फुसाचं माहीत नव्हतं, बरं झालं सांगितलंत. माझ्या टीममधला गोलकीपर स्वतःच सुया ऑनलाइन मागवणार होता खांद्यासाठी, त्याला तुमचा मेसेज दाखवला, थांबला. आणि हो, विचार केला तर सुईच्या त्याच तीन आठवड्यांत कोचने मला जिन्याच्या पायरीवर टाचा खाली सोडून पोटरीचे व्यायाम दिले होते, रोज. ते लिहायचं राहूनच गेलं कारण त्याचे पैसे द्यावे लागले नव्हते.

---

अबोली_फोंडा

सात आठवड्यांनी लिहितेय. कोणी शोधत इथे आलं तर उपयोग होईल म्हणून.

टीएसएच नॉर्मल निघालं, डी कमी होतं, डॉक्टरांनी आठवड्याची पुडी दिली. त्या तिसऱ्या मॅडमकडेच परत गेले. भीत भीतच गेले होते, सोडून दिल्याबद्दल बोलतील म्हणून, पण त्यांनी डायरी काढली, माझं पान काढलं आणि म्हणाल्या, चूक माझी पण आहे, मी आठव्या दिवशी फोन करून विचारायला हवं होतं. पिवळी पट्टी दिली. पहिल्या दिवशी नऊ वेळा हात वर गेले, दहाव्यांदा नाही.

दुसऱ्या आठवड्यात खूप वाईट गेलं, तीन दिवस दुखणं सातवर होतं, इथले मेसेज परत परत वाचत होते, कमी केलं पण बंद नाही केलं, दिवसाला फक्त चार वेळा उचलायचे. स्वयंपाकघरात पट्टी कपाटाच्या मुठीला लटकवून ठेवलीय, भाताचा कुकर लावला की पहिल्या शिट्टीपर्यंत व्यायाम, त्यामुळे विसरायला होत नाही. चौथ्या आठवड्याच्या शेवटी एक दिवस ऑफिसातून निघताना लक्षात आलं की दुपारभर मान चोळली नाही. आता लाल पट्टीवर आलेय, बावीस वेळा होतं. गाठ अजून आहे, पण दाबली तरी कानशिलापर्यंत कळ जात नाही, जागच्या जागी दुखते. सुई एकदाच घेतली, महिनाअखेरीच्या आठवड्यात, आणि घरी येऊन लगेच पट्टी ओढली. जूनच्या क्लोजिंगला पूर्वीसारखंच दहा-दहा तास बसले, दुखणं चारच्या वर गेलं नाही.

बरं झालं असं अजून म्हणत नाही. पावसात बस उशिरा येते, गर्दी असते, दांडा धरावाच लागतो, तेव्हा दुखतं. पण आता हात बदलते.

चवथ जवळ आली. नवरा म्हणतो यंदा माटोळी मी बांधतो, तू खालून फळं दे. मी म्हटलं अर्धी तू बांध, अर्धी मी, अर्ध्या अर्ध्या तासाने. फिजिओताई, हात वर धरून करायचं काम आहे, पट्टीने खांद्याच्या वर उचलायचा सराव आत्तापासून चालू केला तर चालेल का, की महिना कमी पडेल?

---

डिचोलीची_फिजिओ

चालेल ताई. पट्टीशिवाय सुरू करा, रिकामा हात भिंतीवर सरकवत डोक्याच्या वर, दहा वेळा. आठवडाभर दुखणं चारच्या आत राहिलं की परत पिवळी पट्टी घ्या, लाल नको. महिना पुरतो. आणि स्टुलावर चढून बांधा, म्हणजे हात डोक्यापेक्षा फार वर जाणार नाही. जड नारळ आणि केळ्यांचा घड दादांना बांधू दे.